धाकूचं गाऱ्हाणं आणि आमचं ‘व्हय’

आमच्या सोसायटीत देवाला दमात घ्यायचा अधिकार एकट्या धाकू तावडेला आहे. बाकीचे आम्ही हात जोडतो, प्रसादाचा मोठा तुकडा कोणाला गेला ते बघतो आणि घरी जातो. धाकू गाऱ्हाणं घालतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही कोकणातली माणसं देवाकडे मनातल्या मनात काही मागत नाही. मनातलं शेजाऱ्याला कसं कळणार? आमच्यात एक जाणता माणूस नारळ हातात धरून देवासमोर उभा राहतो आणि सगळ्यांच्या वतीने खणखणीत आवाजात हकीकत मांडतो. कोणाची नोकरी गेली, कोणाच्या मुलीचं जमत नाही, कोणाचं काय दुखतंय. दर वाक्याच्या शेवटी तो म्हणतो ‘रे म्हाराजा’, आणि मागे उभे असलेले सगळे एका दमात ओरडतात, ‘व्हय म्हाराजा!’ अर्जावर सगळ्यांची सही झाली. मग देव जाणे आणि त्याचं ऑफिस जाणे.

मुलुंड पूर्वेला मिठागर रोडच्या आतल्या बाजूला आमची कोकणतारा सोसायटी. चार मजले, लिफ्ट नाही, बत्तीस बिऱ्हाडं, बहुतेकांचे बाप गिरणीतले. धाकूही गिरणीत बदली कामगार म्हणून चिकटला आणि वर्षभरात संप झाला. पुढची एकतीस वर्षं त्याने मुलुंडच्याच एका कारखान्यात पुठ्ठ्याची खोकी बनवली. माणूस पाच फूट दोन इंच, आवाज मात्र आठ फुटी. तिसऱ्या मजल्यावर त्याचं दार आणि माझं दार समोरासमोर. माझ्या सेफ्टी डोअरच्या जाळीला मध्ये एक भोक आहे. ते मी पाडलेलं नाही, पण बुजवलेलंही नाही.

धाकू देवाशी बोलतो ते वॉर्ड ऑफिसात भांडल्यासारखं. एका वर्षी त्याने गणपतीला सुनावलं होतं, “बा गणपती म्हाराजा, गेल्या वर्सा तुका पाण्याच्या प्रेशराचा सांगलंय. तू कायच करूक नाय! यंदा जर चौथ्या माळ्यार पाणी चढला नाय, तर पुढच्या वर्साक तुका चौथ्या माळ्यारच बसवतलंव, मगे तुका समजात रे म्हाराजा!” आम्ही पोटात हसू दाबून, “व्हय म्हाराजा!” दिवाळीला पाणी चढलं.

आमचा सेक्रेटरी भाऊराव. त्याने एकदा धाकूच्या कानात सांगितलं, माझ्या मूळव्याधीचं जरा बघ. कानात, बरं का. धाकूने नारळ डोक्यावर धरला आणि दीडशे माणसांसमोर, सुना, पाहुणे, नगरसेवकाची माणसं सगळ्यांसमोर, “आमच्या भाऊरावाक धड बसाक गावना नाय रे म्हाराजा!” आणि दीडशे गळे, “व्हय म्हाराजा!” भाऊराव दोन महिने जिन्यात खाली मान घालून चालायचा. पण बरा झाला. देवाने केलं की लाजेने, ते मी त्याला अजून विचारतो आणि तो अजून चिडतो.

तर असा हा धाकू. त्याची बायको मालन, आणि त्यांना एकच मुलगा, सर्वेश.

सर्वेश पंधरा वर्षांचा असल्यापासून आमच्या गणपतीच्या डोळ्यांची आखणी करायचा. गणपतीच्या कारखान्यातून मूर्ती आणायची ती मुद्दाम डोळे न काढलेली. मग सोसायटीच्या ऑफिसात पंखा बंद करून सर्वेश बसायचा, हातात चार केसांचा ब्रश. आम्ही दारात गर्दी करून. मला नेमका तेव्हाच खोकला यायचा आणि मालन म्हणायची, “चंदूभावोजी, जावा बघू तिकडे, देवाच्या डोळ्यात जाईल तुमचा खोकला.” तासाभरात तो डोळ्यांतल्या बाहुल्या काढायचा आणि मूर्ती एकदम आपल्याकडे बघायला लागायची. कुठेही उभे राहा, आपल्याकडेच. मी देवाला फारसा घाबरणारा माणूस नाही, पण त्या डोळ्यांसमोर मी दोनदा प्रसाद घेतला नाही कधी.

सर्वेश तेवीस वर्षांचा झाला आणि कुडाळहून एक स्थळ आलं. त्याने नाही म्हटलं. दुसरं आलं, नाही म्हटलं. तिसऱ्याला त्याने आईबापांना समोर बसवून सांगितलं, मला मुलगी नको, मला पुरुष आवडतात, चेंबूरला सुबोध म्हणून एकजण आहे. मला हे कसं कळलं ते विचारू नका. आमच्या दोन घरांत एक जिना आणि दोन पातळ दारं आहेत.

मला वाटलं आता धाकू सोसायटी डोक्यावर घेणार. घेतली नाही. चार दिवस त्याचा आवाजच नाही. पाचव्या दिवशी माझ्याकडे आला, स्टुलावर बसला.

“चंद्या, पोराक कायतरी झाला.”

“काय झालं?” मी विचारलं. मला माहीत होतं, पण विचारण्यात मजा असते ना!

“तेका चेडू नको म्हणता.”

आता पुढचं वाक्य लिहायला मला अकरा वर्षं लागली, म्हणून ते इथेच लिहून टाकतो. डॉक्टरचा पत्ता मी दिला. घाटकोपरला एकजण असली पोरं सरळ करून देतो, असं मी बँकेच्या रांगेत ऐकलं होतं. ऐकलेली गोष्ट पोटात ठेवायची मला सवय नाही.

घाटकोपरला एका गल्लीत झेरॉक्सच्या दुकानावर त्याचा दवाखाना. धाकू आधी एकटा जाऊन बघून आला आणि खूश झाला. दारात अगरबत्ती, भिंतीवर सगळे देव, टेबलावर स्टेथोस्कोप. “मशीन पण आसा, जप पण आसा,” तो मला म्हणाला. “झकास माणूस. देव आणि करंट, दोन्ही एकाच जाग्यार.”

सर्वेश जायला तयार नव्हता. धाकूने त्याला देवघरातल्या गणपतीवर हात ठेवायला लावला. “माझ्यासाठी नको, आवशीसाठी जा.” पोरगा देवाला मानणारा होता. गेला.

नऊ शनिवार. आत काय चालायचं ते बाहेर ऐकू येत नसे, कारण बाहेर मोठ्याने भजनं लावलेली असत. धाकू बाकावर बसून भजनाला टाळ्यांचा ठेका धरायचा. परतताना पोराला उसाचा रस पाजायचा आणि पोरगा तो नाक्यावर ओकून टाकायचा. धाकूला वाटायचं, विकार बाहेर पडतोय.

आत काय चालायचं ते पुढे सर्वेशने मालनला सांगितलं, मालनने आमच्या हिला आणि हिने मला. खुर्चीला मनगटं बांधायची. पुरुषांचे फोटो दाखवायचे आणि करंट द्यायचा. आणि करंट चालू असताना पोराने मोठ्याने गणपतीचं नाव घ्यायचं. घेतलं नाही तर आणखी. त्या शहाण्या माणसाचा हिशोब असा की देवाच्या नावाने वाईट पळेल. सर्वेशचे पुरुष काही पळाले नाहीत. पळाला तो गणपती. कुठे आरती ऐकू आली तरी त्या पोराची मनगटं आपोआप खुर्चीला टेकल्यासारखी ताठ व्हायची. वर गोळ्या दिल्या होत्या, मूठभर. त्या गोळ्यांनी हाताला कंप आला.

त्या वर्षी सर्वेश आखणीला बसला. पंखा बंद. आम्ही दारात. मला खोकलासुद्धा आला नाही. दोन तास त्याने ब्रश मूर्तीच्या चेहऱ्याजवळ नेला आणि मागे घेतला. मग ब्रश पाण्यात बुडवून ठेवला आणि म्हणाला, “बाबा, नाही जमत.” कारखान्यातून माणूस बोलावून डोळे काढून घेतले.

आणि गाऱ्हाण्याच्या दिवशी, पाणी झालं, पार्किंग झालं, कोणाची दहावी झाली, आणि धाकूने नारळ उंच केला, “बा गणपती म्हाराजा, माझ्या झिलाक जा काय वायट लागला हा, ता तेच्या आंगातसून भायर काढ रे म्हाराजा!”

सर्वेश तिथेच होता, आरतीचं तबक धरून, बापाच्या शेजारी.

आम्ही काय केलं? आम्हाला सगळ्यांना माहीत होतं काय लागलंय ते. माझ्याचमुळे माहीत होतं. आम्ही नेहमीपेक्षा जोरात ओरडलो, “व्हय म्हाराजा!”

तबकातला कापूर हलला आणि विझला. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वेश एक बॅग घेऊन जिना उतरला. जाळीच्या भोकातून त्याची पाठ दिसली, ती अकरा वर्षांसाठी शेवटची. चेंबूरला सुबोधकडे गेला.

त्यानंतर मालनला अचानक भजनाचा नाद लागला. दर गुरुवारी दुपारी दोनला ती चेंबूरच्या भजनी मंडळात जायची. जाताना हातात चार पुड्यांचा डबा. येताना डबा रिकामा. मी एकदा विचारलं, “वहिनी, तुमचं भजनी मंडळ बांगड्याचं तिखलं खातं वाटतं?” ती म्हणाली, “तुमच्या नाकाला म्युनिसिपालटीने कामाला ठेवायला हवं.” सगळ्या सोसायटीला माहीत होतं. धाकूला माहीत होतं की नाही, ते कळायला मार्ग नव्हता. तो गुरुवारी दुपारी दोनला न चुकता झोपायचा. एरवी दुपारी न झोपणारा माणूस.

२०१८ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पुरुषापुरुषांतले संबंध हा गुन्हा नाही. मी पेपर घेऊन त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, “कोर्टाक काय जाता? कोर्टाचो झील हा तो?” पुढे डॉक्टरांच्या वरच्या मंडळींनीही असले उपाय म्हणजे गैरवर्तन ठरवलं. तोही पेपर मी नेला. त्याने त्यात भेळ बांधून परत पाठवली. दर वर्षी गाऱ्हाणं चालूच होतं. सर्वेशचं नाव मात्र त्यात नसे. आखणी कारखान्यातला माणूस करायचा आणि आमचा गणपती दर वर्षी थोडा थोडा तिरळा होत चालला होता.

यंदा जानेवारीत धाकूचा उजवा खांदा आखडला. नारळ उंच करायचा तोच हात. मी त्याला गव्हाणपाड्यात फिजिओथेरपीला घेऊन गेलो, माझा गुडघा तिथेच असतो आठवड्यातून दोनदा. तिथे रुचिरा म्हणून एक तरतरीत मुलगी आहे. तिने धाकूच्या खांद्याला चकत्या चिकटवल्या, वायरी जोडल्या, बटण फिरवलं.

धाकू एकदम सावध झाला. “ह्या काय?”

“करंट आहे आजोबा. हलका. मुंग्या आल्यासारखं वाटेल.”

“किती नंबरार हा?”

“तीन.”

“आणि मोठ्यान मोठो नंबर?”

“तो कशाला हवाय तुम्हाला? मोठ्यावर ठेवलं तर पळून जाल, बांधून ठेवावं लागेल.” असं म्हणून ती हसली आणि माझ्या गुडघ्याकडे वळली.

धाकूने डाव्या हाताने बटण पकडलं आणि फिरवलं. शेवटपर्यंत.

मी आयुष्यात बऱ्याच बोंबा ऐकल्या आहेत, पण तशी नाही. आठ फुटी आवाज, आणि तोंडातून शब्द निघाला तो, “गणपतीऽऽ!” खाटेवरून अर्धा खाली. रुचिराने धावत येऊन वायरी उपटल्या. “आजोबा! डोकं फिरलंय का तुमचं? मला कामावरून काढतील!”

धाकू खांदा धरून बसला होता. तिच्याकडे बघत नव्हता. मला म्हणाला, “चंद्या, ह्या असा नऊ शनवार. आणि मी भायर बसान टाळ्यो वाजयत होतंय.”

शर्टाची बटणं न लावताच तो घरी आला आणि मालनला म्हणाला, “तुझ्या भजनात काय काय होता, ता सगळा सांग माका.” मालनने सांगितलं. तीन तास. मी जाळीजवळ खुर्ची घेऊनच बसलो होतो, पण तासाभराने खुर्ची उचलून आत आलो. प्रत्येक गोष्ट ऐकवत नाही, हे मला सत्तरीत कळलं.

पुढच्या गुरुवारी तो झोपला नाही. मालनबरोबर चेंबूरला गेला. तिथलं मला मालनने सांगितलं, त्यामुळे खात्रीचं.

दार सुबोधने उघडलं. शाळेत गणित शिकवतो, अंगाने चांगला, हाताला कणीक लागलेली. धाकू म्हणाला, “मी सर्वेशचो बापूस. माफी मागूक इलंय.”

“आत या, पाणी घ्या,” सुबोध म्हणाला. “माफी मात्र माझ्याकडे देऊ नका काका. मी पोस्टमन नाही.”

सर्वेश आतल्या खोलीत होता. बाहेर आला नाही. आतूनच बोलला. अकरा वर्षांनी बापाने त्याचा आवाज ऐकला.

“बाबा, दीडशे माणसांसमोर देवाला सांगितलंस की मला काहीतरी वाईट लागलंय. आणि माफी इथे मागतोस? चपला काढायच्या जागेत?”

धाकूने हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

“ते गाऱ्हाणं मागे घे. तिथेच, सगळ्यांसमोर. मी गेटवर येऊन ऐकेन. आत येणार नाही. आरती सुरू व्हायच्या आधी जाईन.”

“आणि मगे माफ करशीत?”

“ते मला माहीत नाही. आधी मागे घे.”

झालं. आता धाकूची झोप उडाली. बापाने मुलासमोर कसं वाकावं वगैरे त्याचं काही नव्हतं, तो वाकायला तयारच होता. त्याची अडचण फार वेगळी होती. घातलेलं गाऱ्हाणं आजवर कोणी मागे घेतलंच नव्हतं. त्याची रीत काय? जुलैत तो माझ्याकडे आला, स्टुलावर बसला, अगदी हळू आवाजात म्हणाला, “चंद्या, एक मागे घेतला तर देव सगळीच रद्द नाय ना करूचो? पाण्याचा काय? आणि भाऊरावाचा?”

“भाऊरावाचं काय?”

“ता परत इला तर?”

मी इतका हसलो की आमची ही बाहेर आली. पण तो गंभीर होता. एकतीस वर्षांचा गाऱ्हाण्यांचा मनोरा, त्यातली मधलीच वीट काढायची होती. त्याने गावच्या गुरवाला फोन केला. गुरव म्हणाला, पूर्वी कोणी केलेलं नाही, पण देवाने कुठे नाही म्हटलंय? धाकू शेवटी भाऊरावाकडे गेला आणि त्याला सरळ विचारलं. भाऊराव आधी लाल झाला. मग म्हणाला, “घे मागे. आलं तर आलं. माझं मी बघीन.” भाऊरावाबद्दल मी आजवर जे जे बोललो, त्यातलं निम्मं त्या एका वाक्यासाठी परत घेतो. उरलेलं निम्मं खरं आहे.

गणपती आले. यंदा मूर्ती अगदीच तिरळी होती. विसर्जनाचा दिवस, दुपारचे साडेतीन. मांडवाबाहेर टेम्पो सजवून उभा, बेंजोवाले घाम पुसत होते. गेटच्या बाहेर एक मोटरसायकल येऊन थांबली. दोघेजण. मागच्याने हेल्मेट काढलं नाही. मालनने ते बघितलं आणि पदराने हात पुसत राहिली. तिचे हात कोरडेच होते.

“धाकूशेठ, आटपा, बेंजोवाल्यांना पाचला भांडुपला जायचंय,” भाऊराव म्हणाला.

धाकूने नारळ उचलला. खांदा अजून पुरता सुटलेला नव्हता, नारळ छातीपर्यंतच आला. आवाज मात्र तोच.

“बा गणपती म्हाराजा! आज ही जी काय लेकरां तुझ्या पायाकडे इली हत, त्येंका सुखी ठेव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

पाणी झालं. गळकी टाकी झाली. सगळे आपल्या नेहमीच्या लयीत, अर्धं लक्ष बेंजोकडे. मग तो थांबला, आणि पुढचं जरा हळू म्हणाला.

“अकरा वर्सांपूर्वी ह्याच जाग्यार मी माझ्या झिलासाठी तुका एक गाऱ्हाणा घातलंय. ता मी आज मागे घेतंय रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” कोणी ऐकलंच नव्हतं. तोंडाला सवय, दुसरं काय!

“माझ्या झिलाक कायच झाला नव्हता रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आता पुढच्या रांगेत माना वळल्या.

“डोक्या माझा फिरला होता रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” हे मात्र सगळ्यांनी अगदी मनापासून म्हटलं. मागे कोणीतरी फिसकन हसलं आणि कोणीतरी त्याला कोपर मारलं.

“मीच तेका हात धरून थंय नेलंय. तेका बांधल्यानी, तेका करंट दिल्यानी, तुझा नाव घेवक लावल्यानी, आणि मी भायर तुझीच भजना आयकत बसलंय रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा.” आवाज आता विरळ झाला होता. तीस-चाळीस गळे असतील.

धाकूने एकदा मागे वळून आमच्याकडे बघितलं. एकतीस वर्षांत गाऱ्हाणं घालताना त्याने देवाकडे कधी पाठ केली नव्हती.

“आणि हेनी सगळ्यांनी व्हय म्हटल्यानी, म्हणान माका वाटला माझा बरोबर हा रे म्हाराजा!”

टेम्पोचं इंजिन चालू होतं, तेवढाच आवाज. दीडशे माणसं आपापल्या चपलांकडे बघत होती. धाकू नारळ धरून उभा. ‘व्हय’ आल्याशिवाय पुढचं वाक्य म्हणता येत नाही, आणि ‘व्हय’ येत नव्हतं.

“व्हय म्हाराजा!” मालन. बायकांच्या घोळक्यातून, एकटी, एवढ्या मोठ्याने की बेंजोवाला दचकला.

मग मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं असं सांगायला आवडेल, पण शेजारच्याला तरी ऐकू गेलं असेल का, शंका आहे. मग भाऊराव ओरडला. मग हळूहळू सगळे.

“आता माफीचा,” धाकू म्हणाला. “ती मी तुझ्याकडे मागणंय नाय. ती तुझी नाय. ज्येची आसा तो गेटार उभो आसा रे म्हाराजा!”

दीडशे माणसं देवाकडे पाठ करून गेटकडे वळली आणि त्या मोटरसायकलीला उद्देशून ओरडली, “व्हय म्हाराजा!” सुबोधने घाबरून गाडी सुरू केली होती, पुन्हा बंद केली.

धाकूने नारळ फोडला नाही. मला दिला आणि गेटकडे चालत गेला. मालन पिशवी घेऊन मागोमाग. मी नारळासकट मागोमाग. मला कोणी बोलावलं नव्हतं.

सर्वेशने हेल्मेट काढलं. चौतिशीतच केस पांढरे झालेत.

“ऐकलं मी,” तो म्हणाला.

“माफ केलंस?”

“नाही अजून.”

“बरा,” धाकू म्हणाला. आणि थोड्या वेळाने, “बरा.”

सर्वेशने माझ्याकडे बघितलं. “चंदूकाका, पत्ता तुम्ही दिलेला ना?”

माझ्या हातात नारळ. “हो रे,” मी म्हटलं. “मीच.”

“मग पुढच्या वर्षी तुमचंही नाव घाला गाऱ्हाण्यात. यंदा वगळलेलं दिसलं.”

तेवढ्यात मूर्ती टेम्पोवर चढवायला बाहेर आणली. मालनने सर्वेशसमोर आडवं यायचा प्रयत्न केला, आरती सुरू होईल, तुला त्रास होईल म्हणून. त्याने तिला बाजूला केलं. अकरा वर्षांत त्याने गणपतीच्या तोंडाकडे बघितलं नव्हतं. आता बघितलं, डोळे बारीक करून, गिऱ्हाइकासारखं.

“हे कोणी काढलेत? दोन डोळे दोन गावांना चाललेत.”

“मगे तू काढ,” धाकू बोलून गेला.

सर्वेशने उजवा हात पुढे धरला. बोटं थरथरत होती. थोडीच, पण चार केसांच्या ब्रशाला तेवढी पुरे. “बाबा, हा गेला. हा आता नाही यायचा.”

धाकू त्या हाताकडे बघत राहिला. हात लावायची त्याची हिंमत झाली नाही, आणि सर्वेशनेही हात लगेच मागे घेतला नाही. मांडवात कोणीतरी झांजा उचलल्या, तशी त्याची मनगटं ताठ झाली. सुबोधने किक मारली.

“थांब रे!” मालन सुबोधला म्हणाली आणि पिशवीतला आपला चार पुड्यांचा डबा त्याच्या हातात कोंबला. “हा परत आणून द्यायचा. इथे, वर. मी आता गुरुवारची येणार नाही, गुडघे गेले माझे. भजन बंद.”

“बंद?” धाकू म्हणाला. “अगो, मगे मी दुपारी झोपाचा कशाक?”

मालनने त्याच्याकडे बघितलं. अकरा वर्षांचे गुरुवार त्या बघण्यात होते. सर्वेशच्या तोंडावर काहीतरी हललं, त्याला मी हसू म्हणणार नाही, आणि गाडी गेली.

पाण्याचं प्रेशर अजून ठीक आहे. भाऊरावही बसतो व्यवस्थित, मी रोज बघतो.

पुढच्या गुरुवारी बेल वाजली ती त्यांची, पण भोकाशी मी आधी पोचलो. सुबोध होता, एकटा, हातात घासलेला डबा. धाकूने दार उघडलं. दोघे एकमेकांकडे बघत उभे.

“सर्वेश खाली आहे, गाडीवर,” सुबोध म्हणाला. “वर नाही येत म्हणतोय.”

“चाय घेता तो?”

“साखर कमी.”

धाकू आत गेला. बाहेर आला तो हातात काचेचा ग्लास, वर बशी. मालन म्हणाली, “अवो, द्या त्याच्याकडे, तो नेईल. खांदा बघा तुमचा.” धाकूने ऐकलं नाही. तीन मजले, लिफ्ट नाही, दर पायरीला थांबून तो ग्लास घेऊन उतरला.

मी गॅलरीत धावलो. गेटच्या नेमक्या समोर त्या मेल्या बदामाची फांदी आलीय, काही म्हणून दिसलं नाही. ती फांदी छाटावी म्हणून मी सोसायटीला अर्ज दिलाय. दहा-पंधरा मिनिटांनी धाकू वर आला, ग्लास घेऊन. ग्लास रिकामा होता, तेवढं मी नक्की बघितलं. भाऊराव म्हणतो, वाटेत सांडला असेल, त्याचा खांदा तसा. पण मी मुद्दाम काठी घेऊन तिन्ही मजले उतरून आलो, पायरी न् पायरी बघितली. जिना कोरडा होता.